बोनमॅरोच्या पत्त्यावर आयोडीन

माझ्या मावशीला थायरॉइडचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि मग डॉक्टर म्हणाले, आता आयोडीनचा एक डोस घ्यायचा. आम्हाला वाटलं, आयोडीन म्हणजे खरचटल्यावर लावतात तेच. प्रत्यक्षात परळला एका खोलीत तिला बसवलं, शिशाच्या जाडजूड डबीतून चिमट्याने एक कॅप्सूल काढली, तिने ती पाण्याबरोबर गिळली, आणि देणारा माणूस दोन पावलं मागे सरकला. गोळीपेक्षा त्या मागे सरकण्यानेच छातीत धस्स झालं, असं मावशी अजून सांगते. पुढचे तीन दिवस ती खोलीत एकटी. जेवणाचं ताट दाराशी यायचं आणि रोज कुणीतरी लांबूनच एक यंत्र तिच्याकडे रोखून आकडा लिहून घ्यायचं.

घरी आल्यावर तिने मला एक प्रश्न विचारला, "गोळी गेली पोटात. मग तिला गळा कसा सापडला?"

उत्तर सोपं आहे. थायरॉइडच्या पेशींना आयोडीनची हाव असते. हॉर्मोन तयार करायला आयोडीनच लागतं, म्हणून रक्तातून येईल तेवढं त्या ओढून घेतात. आयोडीन साधं आहे की किरणोत्सारी, हे त्यांना कळत नाही. किरणोत्सारी आयोडीन आत घेतलं की पेशी आतूनच भाजून मरते. बोस्टनच्या सॉल हर्ट्झ या डॉक्टरांनी १९४१ साली थायरॉइडच्या आजारावर पहिल्यांदा असा डोस दिला. आज तो इतका नेहमीचा उपचार झाला आहे की त्याची नवलाई उरलेली नाही.

हेच आयोडीन रक्ताच्या कॅन्सरवर, तेही अक्यूट ल्युकेमियासारख्या धावत्या आजारावर वापरायचं म्हटलं तर? ल्युकेमियाच्या पेशी आयोडीनकडे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणजे मावशीचाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो: गोळी दिली, पण तिला बोनमॅरो कसा सापडावा? गेली तीसेक वर्षं अमेरिकेत, मुख्यतः सिएटल आणि न्यूयॉर्कमध्ये, काही डॉक्टर याच प्रश्नाच्या मागे आहेत.

आधी आजाराबद्दल थोडं. आपल्या हाडांच्या पोकळीत जो मऊ मगज असतो तो बोनमॅरो, मराठीत अस्थिमज्जा. रक्ताचा कारखाना तिथे चालतो. एकट्या तांबड्या पेशीच रोज वीस हजार कोटींच्या आसपास बाहेर पडतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वेगळ्या. अक्यूट मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे डॉक्टर ज्याला 'एएमएल' म्हणतात त्यात, पांढऱ्या पेशींची एक कच्ची पिढी मोठी व्हायचंच नाकारते. नुसती वाढत राहते. या कच्च्या पेशींना ब्लास्ट म्हणतात. निरोगी मॅरोमध्ये ब्लास्ट शेकडा पाचांहून कमी असतात. या आजारात ते सहसा शेकडा वीसच्या वर जातात, कधी ऐंशी-नव्वदपर्यंत. कारखान्याची जागाच अडवली गेली की बाकीचा माल बंद पडतो. तांबड्या पेशी नाहीत म्हणून दम लागतो, प्लेटलेट नाहीत म्हणून हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर निळे डाग उठतात, आणि कामाच्या पांढऱ्या पेशी नाहीत म्हणून ताप उतरत नाही. हे सगळं काही आठवड्यांत होतं. 'अक्यूट' या शब्दाचा अर्थ तोच.

पहिला उपचार केमोचा. सात दिवस एक औषध आणि त्यातले तीन दिवस दुसरंही, असा 'सात अधिक तीन'चा हिशेब १९७० च्या दशकापासून चालत आला आहे. त्याने बऱ्याच जणांचा आजार दबतो. पण दबलेला आजार पुष्कळांना पुन्हा उलटतो, आणि एएमएल हा मुख्यतः साठी-सत्तरीतल्या माणसांचा रोग आहे. उलटलेला आजार, थकलेलं शरीर आणि केमोला न जुमानणाऱ्या पेशी अशा तिढ्यात सापडलेल्या रुग्णाला देण्यासारखं डॉक्टरांकडे फार काही उरत नाही. पक्का उपाय एकच, दुसऱ्या माणसाच्या, रक्त बनवणाऱ्या मूळपेशी देऊन कारखानाच नवा बसवायचा. बोनमॅरो ट्रान्सप्लांट.

नवा कारखाना बसवायचा तर जुना आधी साफ करावा लागतो. किरणांचा इथे पहिला प्रवेश झाला. रक्त बनवणाऱ्या पेशी किरणांपुढे फार लवकर मान टाकतात, हे हिरोशिमानंतर जगाला कळलं होतं. (त्याच किरणांनी काही वर्षांनी तिथल्या वाचलेल्यांमध्ये ल्युकेमिया वाढवला, हेही तितकंच खरं. मारणारा आणि तारणारा एकच, फरक मात्रेचा आणि नेमाचा.) डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५० च्या दशकात पूर्ण अंगावर किरणं देऊन दुसऱ्याचा मॅरो शिरेतून चढवायला सुरुवात केली. पुढे सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात त्यांनी ही पद्धत घडवली आणि १९९० साली त्यांना नोबेल मिळालं.

त्याच वर्षी त्याच केंद्रातून एक अभ्यास बाहेर आला. मला तो या सगळ्या गोष्टीची किल्ली वाटतो. एएमएलच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला ट्रान्सप्लांटआधी पूर्ण अंगावर १२ ग्रे किरणं, दुसऱ्याला १५.७५ ग्रे. ग्रे म्हणजे शरीरात किती किरणऊर्जा मुरली त्याचं माप. उपचाराशिवाय साधारण ४ ग्रे एकदम अंगावर पडले तर निम्मी माणसं दगावतात, यावरून अंदाज यावा. जास्त डोसाच्या गटात आजार उलटण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. डोस जेमतेम तीसेक टक्क्यांनी वाढवला आणि उलटणं तिपटीने कमी झालं! पण जगणाऱ्यांची संख्या वाढली नाही. कारण तोच जास्तीचा डोस फुप्फुसं, यकृत, आतडी यांनाही बसला आणि जेवढे आजारातून वाचले तेवढे उपचाराने गेले.

याचा अर्थ नीट लावला तर पुढचं सगळं समजतं. औषध कमी पडत नव्हतं. ते अंगभर सांडत होतं. मॅरोला हवं तेवढं द्यावं आणि यकृताला त्याचा थोडाच भाग जावा, अशी वाट सापडली तर जिंकलो.

ती वाट अँटीबॉडीतून निघाली: किरणोत्सारी आयोडीन अँटीबॉडीला बांधायचं आणि तिने ते मॅरोपर्यंत न्यायचं. कोविडमुळे हा शब्द आता घराघरांत माहीत आहे. बाहेरून आलेल्या विषाणूला ओळखून त्याला चिकटणारं, शरीरातच बनणारं प्रथिन ते अँटीबॉडी. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच जातीच्या अँटीबॉडी हव्या तेवढ्या बनवायची युक्ती काढली. उंदराच्या प्लीहेतली अँटीबॉडी बनवणारी पेशी त्यांनी एका कॅन्सरच्या पेशीशी जोडली. पहिलीला काम येत होतं, दुसरीला मरण नव्हतं. जोडपेशी कायम जगत राहिली आणि एकच अँटीबॉडी ओतत राहिली. रक्ताच्या कॅन्सरवर निघालेलं हत्यार मुळात रक्ताच्याच कॅन्सरपेशीत घडवलं गेलं, हे मला दरवेळी वाचताना गंमतशीर वाटतं.

आता पत्ता शोधायचा. पेशींच्या पृष्ठभागावर वेगवेगळी प्रथिनं असतात, घरांच्या दारावर पाट्या असाव्यात तशी. शास्त्रज्ञांनी त्यांना 'सीडी' आणि पुढे आकडा अशी नावं दिली आहेत. एएमएलच्या बहुतेक पेशींवर सीडी ३३ ही पाटी असते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात त्या पाटीला चिकटणाऱ्या अँटीबॉडीवर काम झालं. सिएटलच्या मंडळींनीही आधी तीच पाटी वापरून पाहिली. अडचण अशी आली की सीडी ३३ ला अँटीबॉडी चिकटली की पेशी तिला आत ओढून घेते, तिचे तुकडे करते आणि आयोडीन बाहेर फेकून देते. काम व्हायच्या आतच पार्सल परत.

म्हणून सिएटलवाल्यांनी सीडी ४५ ही पाटी निवडली. ती पेशीच्या दारावरच राहते, आत जात नाही. एकेका पेशीवर तिच्या लाखाच्या घरात प्रती असतात. पण इथे वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी पडायला हवी, कारण सीडी ४५ ही काही कॅन्सरची खूण नव्हे. ती शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पांढऱ्या पेशीवर आणि त्या जिच्यापासून बनतात त्या मूळपेशीवरही असते. चांगल्या-वाईटाचा भेद न करणारा हा पत्ता. नेम धरून मारायचं औषध म्हणायचं आणि नेम अख्ख्या वस्तीवर धरायचा, हे कसं चालेल?

चालतं, कारण वस्ती नाहीतरी पाडायचीच आहे. ट्रान्सप्लांटआधी जुना मॅरो पूर्ण साफ व्हायलाच हवा, चांगल्या पेशींसकट. त्याची जागा दात्याच्या पेशी घेणार आहेत. त्यामुळे भेद करायचा आहे तो निरोगी आणि रोगी पेशींत नव्हे, मॅरो आणि उरलेलं शरीर यांत. तो भेद सीडी ४५ चोख करते. फुप्फुस, मूत्रपिंड, आतडं, त्वचा यांच्या स्वतःच्या पेशींवर ती नसते. माझ्या मते या उपचारातली खरी बुद्धी हीच. किरणोत्सारी आयोडीन जुनं, अँटीबॉडी जुनी, ट्रान्सप्लांट जुनं. नवा आहे तो हा विचार.

एएमएलसाठी नुसत्या अँटीबॉडी किंवा कार-टी पेशींचे (म्हणजे कॅन्सरवरची पाटी ओळखायला शिकवलेल्या पांढऱ्या पेशींचे) उपचार इतके अवघड का जातात, तेही इथेच कळतं. आपल्याकडे टाटा आणि आयआयटी मुंबईने मिळून घडवलेल्या 'नेक्सकार१९' या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तो सीडी १९ ही पाटी बघतो. ती बी पेशींवर, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका जातीवर असते. बी पेशी सगळ्या गेल्या तरी माणूस जगू शकतो, म्हणून रोगी-निरोगी सरसकट मारल्या तरी निभावतं. एएमएलच्या पेशींवरच्या पाट्या मात्र मूळ कारखान्याच्या पेशींवरही असतात. तो कारखाना गेला आणि नवा बसवला नाही, तर रुग्ण वाचत नाही.

अँटीबॉडीला विष जोडूनही औषधं केलेली आहेत. सीडी ३३ वर तसं एक औषध २००० साली अमेरिकेत आलं, २०१० साली मागे घेतलं गेलं आणि २०१७ साली कमी मात्रेत परत आलं. मग किरणांचाच हट्ट कशाला? विषाला काम करायला पेशीच्या आत जावं लागतं, आणि ज्या पेशीवर अँटीबॉडी चिकटली नाही ती सहसा सुटते. किरणांचं तसं नाही. आयोडीन १३१ मधून, म्हणजे याच किरणोत्सारी आयोडीनमधून, जे बीटा कण निघतात ते सरासरी एक मिलीमीटरच्या आत थांबतात. एक मिलीमीटर आपल्याला काहीच वाटत नाही, पण तेवढ्या अंतरात शंभरेक पेशी रांगेने बसतात. तापलेल्या तेलात मोहरी टाकली की ती कढईतच राहत नाही, तडतडून ओट्यावर, हातावर उडते. बीटाचं तसंच. पाटी नसलेली शेजारची ब्लास्ट पेशीही त्या तडतडीत सापडते. तिच्या डीएनएचे दोन्ही धागे तुटले की दुरुस्ती फार अवघड होते.

या आयोडीनचा दुसरा गुण म्हणजे ते गॅमा किरणंही सोडतं. ती शरीराबाहेर येतात, त्यामुळे कॅमेऱ्याने बघता येतं की औषध नेमकं कुठे जाऊन बसलं आहे. केमोच्या सलाईनबद्दल असं कुणी सांगू शकत नाही.

आता हा उपचार प्रत्यक्षात कसा देतात ते बघू. औषधाला सध्या 'आयोमॅब-बी' असं नाव आहे. त्यातली अँटीबॉडी उंदराची आहे. म्हणून आधी तपासतात की रुग्णाच्या रक्तात उंदराच्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी तर नाहीत ना. असल्या तर औषध वाटेतच अडवलं जाईल. मग पोटात आयोडीनचे थेंब सुरू करतात, साधं आयोडीन. इथे मला मावशी आठवते. तिच्या वेळी सगळा खटाटोप होता थायरॉइडने किरणोत्सारी आयोडीन प्यावं म्हणून. तिला आधी आठवडाभर आयोडीनचं मीठसुद्धा बंद होतं, गळा उपाशी राहावा म्हणून. ल्युकेमियाच्या रुग्णाला नेमकं उलट. त्याच्या थायरॉइडला साध्या आयोडीनने गळ्याशी येईपर्यंत जेवू घालायचं, म्हणजे किरणोत्सारी अणू सुटून आला तरी त्याला आत जागा मिळणार नाही.

मग पहिलं सलाईन लागतं, किरणोत्साराची अगदी थोडी मात्रा असलेलं. पुढचे काही दिवस रुग्णाला गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवून चित्रं काढतात. मॅरो उजळतो, प्लीहा उजळते, यकृतही उजळतं, कारण अँटीबॉडी मोडीत काढायचं काम यकृताकडे असतं. त्या चित्रांवरून हिशेब मांडतात की या माणसाच्या यकृताला एकूण २४ ग्रेपेक्षा जास्त बसू नये, तर मोठा डोस किती द्यायचा. सिएटलच्या सुरुवातीच्या अभ्यासांत यकृताला जेवढा डोस जातो त्याच्या सरासरी दुपटीहून जास्त मॅरोला आणि त्याहूनही जास्त प्लीहेला जातो, असं दिसलं होतं. हा हिशेब प्रत्येकाचा वेगळा निघतो. सारख्या वजनाच्या दोन माणसांनाही डोस सारखा नसतो. शिंप्याने माप घेऊन कपडा बेतावा तसं हे. केमोचे डोस उंची-वजनाच्या तक्त्यावरून ठरतात, त्या मानाने ही फार नेटकी पद्धत.

मोठा डोस मिळाला की रुग्ण शिशाने मढवलेल्या खोलीत. थायरॉइडच्या कॅन्सरला देतात त्याच्या कितीतरी पट हा डोस असतो. मुक्काम काही दिवसांचा. नातेवाइकाने किती अंतरावर आणि किती मिनिटं उभं राहायचं हे ठरलेलं. रोज मीटर घेऊन कुणीतरी एक मीटर अंतरावरून आकडा घेतं आणि तो मर्यादेखाली उतरला की दार उघडतं. या काळात शरीर आयोडीन लघवीवाटे बाहेर टाकतं, म्हणून अशा खोलीचं संडास-बाथरूमचं पाणी सरळ गटारात सोडत नाहीत. ते जमिनीखालच्या वेगळ्या टाक्यांत साठवून ठेवतात. आयोडीन १३१ चं अर्धायुष्य आठ दिवस. आठ दिवसांत निम्मं, सोळा दिवसांत पाव, ऐंशी दिवसांत हजारातला एक भाग उरतो. टाकी नुसती बंद ठेवायची आणि वाट बघायची, दुसरं काही करावं लागत नाही. भारतात थायरॉइडचे मोठे डोस देणाऱ्या वॉर्डांनाही अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाने अशा टाक्या बांधाव्या लागतात. मावशीच्या खोलीखालीही त्या असणार. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "अगंबाई, म्हणजे तिथल्या प्लंबरलाही शिक्षण लागत असेल!"

मोठ्या डोसानंतर बाराएक दिवसांनी ट्रान्सप्लांट. मधल्या दिवसांत सौम्य केमो आणि बाहेरून फक्त २ ग्रे किरणं देतात. पूर्वीचे १२ ग्रे नाहीत, दोन. हे बारा दिवस काढावेच लागतात, कारण मॅरोमध्ये किरणोत्सार धगधगत असताना दात्याच्या पेशी सोडल्या तर त्याही भाजतील. धग शमली की पेशींची पिशवी साध्या रक्ताच्या पिशवीसारखी शिरेतून चढवतात. त्या पेशी रक्तातून आपल्या आपण हाडांत जाऊन बसतात. त्यांनाही पत्ता ठाऊक असतो.

इथे एका शब्दाबद्दल कुरकुर केल्याशिवाय मला राहवत नाही. याला इम्युनोथेरपी, म्हणजे रोगप्रतिकाराच्या जोरावरचा उपचार म्हणतात, पण आयोमॅबमधली अँटीबॉडी कसली लढाई करत नाही. ती पोस्टमन आहे, पार्सल पोचवून मोकळी. रोगप्रतिकाराची खरी लढाई ट्रान्सप्लांटनंतर सुरू होते. दात्याच्या पांढऱ्या पेशी नव्या घरात राहायला येतात, कोपऱ्यात दडलेल्या ल्युकेमियाच्या पेशींना परक्या म्हणून ओळखतात आणि मारतात. ट्रान्सप्लांटने आजार बरा होतो त्यात या मारामारीचा वाटा मोठा असतो. (त्याच पेशी कधीकधी रुग्णाच्या त्वचेला, आतड्याला, यकृतालाही परकं ठरवतात, ते दुखणं वेगळं आणि गंभीर.) नाव बदला असं म्हणून कुणी बदलणार नाही, पण वाचताना हा फरक लक्षात असू द्यावा.

मग याने माणसं जगतात का? २००९ साली सिएटलच्या मंडळींनी पन्नाशी उलटलेल्या, आजार बळावलेल्या ५८ रुग्णांचा निकाल प्रसिद्ध केला. वर्षभराने त्यातले ४१ टक्के जिवंत होते. ज्यांना एरवी ट्रान्सप्लांटच्या दारातही उभं केलं नसतं अशी ही माणसं होती. पण तो एकाच गटाचा अभ्यास. तुलनेला कुणी नव्हतं.

तुलनेचा अभ्यास पुढे झाला. 'सिएरा' या नावाने अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांत तो चालला. ५५ वर्षांवरचे १५३ रुग्ण, सगळ्यांचा एएमएल एकतर उलटलेला किंवा उपचाराला न जुमानणारा. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला आयोमॅब-बी आणि मागोमाग ट्रान्सप्लांट. दुसऱ्याला डॉक्टरला योग्य वाटेल ते नेहमीचं औषध आणि आजार दबलाच तर ट्रान्सप्लांट. मोजायचं काय, तर आजार पूर्ण दबून किमान सहा महिने दबलेलाच राहिला असे किती. आयोमॅबच्या गटात असे १७.१ टक्के निघाले. दुसऱ्या गटात एकही नाही.

१७ टक्के हा आकडा वाचून तोंड वाकडं होऊ शकतं. माझंही पहिल्यांदा झालं होतं. पण समोरचा आकडा शून्य आहे हे विसरू नये, आणि हे रुग्ण कोणत्या टोकाला पोचलेले होते तेही.

खरी गुंतागुंत पुढे झाली. अभ्यासाच्या नियमांत माणुसकीची एक सोय होती. नेहमीच्या उपचाराने ज्यांचा आजार दबला नाही त्यांना नंतर आयोमॅब घेण्याची मुभा. दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी ती घेतली. कुणीही घेतली असती. पण त्यामुळे 'कोणता गट जास्त जगला' या प्रश्नाचं उत्तर गढूळ झालं. दोन शेतांत वेगवेगळं खत घातलं आणि महिन्याने दुसऱ्या शेतातही निम्म्या भागात पहिल्याचंच खत टाकलं, तर सुगीला तुलना कसली करणार? एकूण आयुष्यमानात दोन गटांत ठोस फरक दाखवता आला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, अ‍ॅक्टिनियम फार्मास्युटिकल्स या कंपनीला कळवलं की एवढ्या पुराव्यावर मंजुरीचा अर्ज चालणार नाही. आयुष्य वाढतं असं दाखवणारी नवी तुलनात्मक चाचणी करा.

नियामकावर चिडणं सोपं आहे. मी चिडत नाही. आजार सहा महिने दबला आणि माणूस एकूण जास्त जगला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि १९९० चा तो डोसांचा अभ्यास नेमकं हेच शिकवून गेला होता. पण पेच असा की रुग्णाला दुसरी संधी दिली तर पुरावा बिघडतो आणि नाही दिली तर मन खातं. यावर स्वच्छ तोडगा मला तरी कुठे वाचायला मिळालेला नाही.

औषध चांगलं असूनही पडू शकतं याचा आणखी एक दाखला याच घराण्यात आहे. लिम्फोमावर, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरवर, २००२ आणि २००३ साली अमेरिकेत दोन किरणोत्सारी अँटीबॉडी मंजूर झाल्या, झेव्हॅलिन आणि बेक्सर. गुण होता. पण कॅन्सरचे डॉक्टर केमो आपल्या दवाखान्यात देऊ शकायचे. किरणोत्सारी औषधासाठी रुग्ण दुसऱ्या विभागाकडे, न्यूक्लियर मेडिसिनकडे पाठवावा लागायचा. परवाने, कागद, वेळा जुळवणं आलं. रुग्ण पाठवले गेले नाहीत, आणि २०१४ साली बेक्सर बाजारातून उठलं.

आता पुढची पिढी अल्फा कणांची आहे. बीटा मोहरीसारखा उडतो, अल्फा म्हणजे खलबत्त्यातला घाव. खाली जे आहे तेच ठेचलं जातं, शेजारच्याला काही कळतही नाही. अल्फाचा पल्ला मिलीमीटरच्या दहाव्या भागाहून कमी, म्हणजे जेमतेम चार-सहा पेशी. पण घाव इतका जड की थोडेच कण पेशीला पुरतात. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी बिस्मथ २१३ जोडलेली सीडी ३३ ची अँटीबॉडी रुग्णांना दिली. अल्फा सोडणारी अँटीबॉडी माणसाला देण्याची ती पहिली वेळ. बिस्मथचं अर्धायुष्य ४६ मिनिटं! औषध बनवून वॉर्डात न्यायचं म्हणजे पळतच. सिएटलमध्ये सीडी ४५ साठी ॲस्टेटाइन २११ वर काम चाललं आहे. त्याचं अर्धायुष्य ७.२ तास, म्हणजे सकाळी सातला तयार झालेलं दुपारी सव्वादोनला निम्मं. हापूसची पेटी एखादा दिवस उशिरा आली तर फार तर दोन आंबे जास्त पिकतात. इथे पेटी जवळजवळ रिकामीच पोचेल. म्हणून ॲस्टेटाइन जिथे सायक्लोट्रॉन (ते बनवणारं, कण वेगाने पळवणारं यंत्र) आहे तिथे किंवा त्याच्या आसपासच वापरता येतं. सिएटलच्या विद्यापीठात तो आहे.

आपल्याकडे आयोडीन १३१ ची वाण नाही. ट्रॉम्बेच्या भाभा केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत ते बनतं, वाशीच्या 'ब्रिट' या सरकारी संस्थेतून देशभर जातं. ट्रान्सप्लांटही नवं नाही. भारतातलं पहिलं १९८३ साली टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणींनी केलं, एएमएल झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर, भावाच्या मॅरोने. शिशाच्या खोल्या आहेत, गॅमा कॅमेरे आहेत, ते चालवणारी माणसं आहेत. आयोमॅब-बी मात्र इथे मिळत नाही आणि अमेरिकेतही मंजूर नाही. त्यामुळे कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर 'ब्लड कॅन्सरवर नवी किरणांची लस' असं काही पाठवलं तर ते पुढे ढकलू नका. ती लस नाही, आणि दुकानात तर नाहीच.

घरात कुणाला एएमएल निघालाच असेल तर डॉक्टरांना पहिल्या आठवड्यातच विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे: ट्रान्सप्लांटची शक्यता आहे का, आणि असेल तर भावंडांची एचएलए तपासणी, म्हणजे त्यांच्या पेशी रुग्णाशी जुळतात का याची तपासणी, कधी करायची? आईबाप एकच असलेल्या प्रत्येक भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते. पूर्ण जुळलं नाही तरी आता अर्ध्या जुळणीवर ट्रान्सप्लांट होतात, त्यामुळे मुलगा-मुलगीही दाता होऊ शकतात. तपासणीला फार काही लागत नाही. रक्ताचा नमुना पुरतो, आणि कुणी सुईला घाबरत असेल तर बऱ्याच ठिकाणी गालाच्या आतून बोळा फिरवूनही भागतं.